नरम प्लॅस्टिक, नाजूक प्रश्न

डिओ, रेनकोट, बाइकची सीट, कॅन्टीनवाल्याचे ग्लोव्हज... रोजच्या वापरातल्या मऊ प्लॅस्टिकचा पुरुषांच्या 'त्या' आरोग्याशी काय संबंध?

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज दहा-दहा तास काढणाऱ्या किती जणांना माहीत असतं? मी फेज वनमधल्या एका टपरीवर सहज विचारून पाहिलं. 'मुळशी' म्हटल्यावर कुणी धरण सांगितलं, कुणी ताम्हिणीचे धबधबे, आणि एकाने अर्थातच 'मुळशी पॅटर्न'मधला डायलॉग मारला. तालुका? तहसील कचेरी पौडला? "काय सांगतेस!"

तर मंडळी, मुळशी म्हणजे नुसता वीकएण्ड नाही. सोमवार ते शुक्रवारसुद्धा तुम्ही मुळशीतच असता. सकाळी भरपूर डिओ मारून, पावसाळा असेल तर प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून, रेक्झिनच्या सीटवर बसून वाकडचा ट्रॅफिक पार करता. दुपारी पारदर्शक फिल्म ताणून बसवलेली फ्रूट प्लेट उचलता. संध्याकाळी उन्हात तापलेल्या कारचं दार उघडलं की आतला तो 'नव्या गाडीचा' वास नाकात भरून घेता. या सगळ्यात एक पाहुणा कॉमन असू शकतो. त्याचं नाव प्लॅस्टिसायझर. आणि गेली वीस-पंचवीस वर्षं जगभरातल्या शास्त्रज्ञांना या पाहुण्याबद्दल जी शंका येतेय, ती थेट पुरुषांच्या बाप होण्याच्या क्षमतेबद्दलची आहे.

विषय काढला की मुलं हसतात, मग एकदम गप्प होतात. हा अनुभव मी या लेखासाठी महिनाभर घेतला.

लग्न नाही, लिव्ह-इन

आधी थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, पेपर नाहीये.

घरात नळाला जोडलेला पांढरा किंवा करडा पाइप आणि बागेला पाणी घालायचा लवचीक पाइप, दोन्ही पीव्हीसीचेच असू शकतात. एक हातोडीसारखा कडक, दुसरा सापासारखा वळतो. फरक आहे तो आत मिसळलेल्या तेलकट द्रवाचा. हा द्रव म्हणजे प्लॅस्टिसायझर, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं घराणं म्हणजे थॅलेट्स. डीईएचपी हे या घराण्यातलं सगळ्यात बदनाम नाव. नरम पीव्हीसीच्या वस्तूत वजनाच्या तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत हा द्रव असू शकतो. म्हणजे हातातली वस्तू नावाला प्लॅस्टिक, पण तिचा तिसरा हिस्सा प्लॅस्टिक नाहीच.

गोची अशी की पीव्हीसी आणि थॅलेट यांच्यात रासायनिक बंध नसतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लग्न नाही, लिव्ह-इन आहे. ऊन लागलं, तेल लागलं, वय झालं की थॅलेट हळूच बॅग भरून निघतं. जुन्या बाइकच्या सीटचं रेक्झिन कडक होऊन तडकतं, ते यामुळेच. गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक चिकट, धुरकट थर बसतो, त्यातही डॅशबोर्डमधून उडालेल्या प्लॅस्टिसायझरचा हात असतो. बाहेर पडलेलं हे रसायन मग धुळीत बसतं, श्वासात जातं, आणि सगळ्यात जास्त जातं ते अन्नातून. थॅलेट्सना पाणी फारसं मानवत नाही, तेल-तूप मात्र भयंकर आवडतं. त्यामुळे तर्रीवाल्या मिसळीला जितका धोका, तितका बिसलेरीला नाही.

इथेच एक-दोन गैरसमज दूर करायला हवेत, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर सगळं प्लॅस्टिक एकाच माळेत ओवलेलं असतं. चहाची पार्सल पिशवी पॉलिथिनची असते आणि पॉलिथिन मुळातच मऊ असल्यामुळे त्याला प्लॅस्टिसायझरची गरज नसते. पाण्याची बाटली पेटची. तिच्या लांबलचक रासायनिक नावात 'थॅलेट' असा शब्द येतो खरा, पण तो वेगळ्या कुळातला, डीईएचपीचा सख्खा भाऊ नव्हे. पार्सलचे पारदर्शक डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे असतात. तिथेही थॅलेट मुद्दाम घालायचं कारण नाही. याचा अर्थ पिशवीतला उकळता चहा तब्येतीला छान, असा अजिबात होत नाही. सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण हा वेगळा ताप आहेच. पण संशयित कोण हे नीट ओळखलं तरच पकडता येईल ना? थॅलेटचा खरा अड्डा नरम पीव्हीसी. शिवाय डिओ, परफ्यूम, नेलपॉलिश. सुगंध टिकून राहावा म्हणून किंवा पॉलिशचा थर तडकू नये म्हणून त्याच घराण्यातली धाकटी भावंडं तिथे वापरली जात आली आहेत. लेबलवर मात्र बऱ्याचदा फक्त 'फ्रॅग्रन्स' एवढंच छापलेलं असतं.

खरी वेळ जन्माच्या आधीची

मला वाटत होतं, विषय सोपा आहे: रसायन पोटात गेलं, स्पर्म काउंट घसरला. वाचायला लागल्यावर कळलं की गोष्ट उलट्या टोकापासून सुरू होते.

उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं ते असं. गाभण मादीला विशिष्ट थॅलेट्स दिली, तर पोटातल्या नर पिलांच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन कमी तयार होतं. अवयव घडण्याच्या नेमक्या त्या दिवसांतच हार्मोनचा सप्लाय कमी पडतो. मग वृषण खाली न उतरणं, मूत्रमार्गाचं तोंड भलत्या जागी असणं, पुढे शुक्रजंतू कमी असणं, असे दोष एकत्र दिसतात. शास्त्रज्ञांनी त्याला 'थॅलेट सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलंय. माणसात हा नाजूक काळ गर्भारपणाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यातला मानतात. म्हणजे ज्या दिवसांत 'गुड न्यूज' अजून सासूबाईंच्याही कानावर गेलेली नसते, तेव्हा!

२००५ मध्ये अमेरिकेतल्या शॅना स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८५ छोट्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या आयांचे गर्भारपणातले लघवीचे नमुने जपून ठेवलेले होते. ज्या आयांच्या नमुन्यांत काही थॅलेट्सचे अंश जास्त, त्यांच्या मुलग्यांमध्ये गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर कमी भरलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण गर्भात पुरुष-हार्मोन पुरेसं मिळालं की नाही, याची ही एक खूणपट्टी आहे. आणि या बायका कुठल्या केमिकल फॅक्टरीतल्या नव्हत्या, साध्या चारचौघींसारख्या होत्या.

आपल्याकडचं काय? मुंबईत परळला पुनरुत्पादन आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या डॉ. गीता वनगे यांच्या गटाने २००९ मध्ये बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए या रसायनावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. बीपीए हे प्लॅस्टिसायझर नव्हे, ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक प्लॅस्टिकचा कच्चा माल. पण हार्मोन्समध्ये नाक खुपसायची सवय तीच. गाभण आणि दूध पाजणाऱ्या उंदरीणींना दिवसाला किलोमागे अवघे एक-दोन मायक्रोग्रॅम बीपीए दिलं गेलं. त्यांच्या नर पिलांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी झाली. पुढच्या पिढीतही. त्याच्या पुढच्या पिढीतही! रसायन आजीने खाल्लं, बिल नातवाच्या, पणतवाच्या नावावर. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण परळच्या लॅबमधला हा निकाल वाचून मी ऑफिसमधल्या जुन्या कडक जारकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हेही खरं.

लखनौमध्येही २००८ मध्ये थेट पुरुषांच्या वीर्यात थॅलेट्स मोजली गेली. मूल न होणाऱ्या पुरुषांमध्ये त्यांचं प्रमाण जास्त निघालं, आणि प्रमाण जितकं जास्त तितकी शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी, असा संबंध दिसला. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. हे वाक्य पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला घोटून घोटून शिकवलं होतं. वर्तमानपत्रांच्या हेडिंगमध्ये ते मावत नाही, हा भाग वेगळा.

आकडा घसरतोय, पण का?

१९९२ मध्ये नील्स स्काकेबेक यांच्या डॅनिश गटाने ६१ जुने अभ्यास एकत्र करून दावा केला की पन्नास वर्षांत स्पर्म काउंट मिलिलिटरमागे ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आलाय. प्रचंड वाद झाला. जुन्या मोजण्या धड नव्हत्या, नमुने भलत्याच लोकांचे होते, वगैरे. मग २०१७ मध्ये हगाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या टीमने १८५ अभ्यास आणि जवळपास ४३ हजार पुरुष घेऊन पुन्हा हिशेब मांडला. पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ या काळात ५२ टक्के घट! २०२२ मध्ये त्यात आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतली माहिती मिळवली, तरी उतार तसाच राहिला. यावरही टीका झालीच आहे. काउंट कमी झाला म्हणजे मूल होण्याची शक्यता त्याच प्रमाणात कमी होते असं नाही, हा त्यातला वजनदार मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेची खालची रेषा मिलिलिटरमागे १.६ कोटीची आहे. सरासरी अजून तिच्या बरीच वर आहे.

आणि घसरण खरी धरली तरी आरोपी एकटं थॅलेट नाही. सिगरेट, तंबाखू, वाढतं पोट, डायबेटिस, वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा... यादी मोठी आहे. त्यात हिंजवडी स्पेशल म्हणजे लॅपटॉप. त्याला इंग्रजीत मांडीचं नाव आहे म्हणून मांडीवरच ठेवला पाहिजे असं नाही. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात २९ तरुणांना तासभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवलं, तेव्हा अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलं. आणि हा अवयव निसर्गाने शरीराबाहेर टांगलाय तोच मुळी थंड राहावा म्हणून.

रिपोर्ट कुणाचा आधी?

पौड रोडवरच्या एका वंध्यत्व-तज्ज्ञांकडे मी अर्धा तास बसले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. प्लॅस्टिकबद्दल विचारायला गेले होते, ते बोलत राहिले नवऱ्यांबद्दल. बायको सोनोग्राफी करून आलेली असते, रक्ताच्या चार तपासण्या झालेल्या असतात, कधी दुर्बिणीतून तपासणीही. आणि नवऱ्याची सगळ्यात साधी, स्वस्त, बिनदुखणारी वीर्यतपासणी? ती बाकी असते. कुणाला 'वेळ मिळाला नाही', कुणाच्या आईचं म्हणणं की 'आमच्या घराण्यात असलं काही नाही'. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाकडूनही काही ना काही कारण असतं, हे माहीत असूनही ऑनसाइट जाऊन आलेला, शेअर मार्केटपासून क्रिप्टोपर्यंत सगळ्यावर लेक्चर देणारा मुलगा त्या छोट्या प्लॅस्टिकच्या डबीला घाबरतो. (हो, तीही प्लॅस्टिकचीच.)

मला यात जास्त राग येतो तो असा. गर्भारपणातला धोका सांगितला की सगळी जबाबदारी पुन्हा बाईवरच. 'नेलपॉलिश लावू नकोस, बाहेरचं खाऊ नकोस.' तेवढंच ऐकून घरातले पुरुष निवांत होणार असतील, तर हा लेख न लिहिलेला बरा. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे चान्स घ्यायचं ठरवत असाल, तर त्याआधीचे तीन महिने नवऱ्याचेही आहेत. आणि डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं, एक रिपोर्ट खराब आला म्हणून गूगलवर रात्र काढू नका. ताप येऊन गेला तरी आकडा घसरतो. तपासणी काही आठवड्यांनी परत करायची असते.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, तो आपल्या मासिकाचा वाचक बहुधा नसेल. नरम पीव्हीसी जिथे तापवलं जातं, ओतलं जातं, तिथे उभा असलेला कामगार. चीनमध्ये २००६ मध्ये पीव्हीसी फ्लोअरिंगच्या कारखान्यातल्या ७४ पुरुषांची तुलना बांधकाम कंपनीतल्या ६३ जणांशी केली गेली. फ्लोअरिंगवाल्यांच्या लघवीत थॅलेट्स कितीतरी जास्त आणि रक्तातलं मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी. भूगाव-पिरंगुटच्या रस्त्याने लेककडे जाताना दोन्ही बाजूंना शेड्स दिसतात, शिफ्ट सुटलेली पोरं दिसतात. आपल्या वयाचीच असतात. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात लॅथ्रोपच्या कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांना गप्पा मारता मारता जाणवलं होतं की आपल्यात कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासण्या झाल्या आणि डीबीसीपी नावाचं कीटकनाशक पकडलं गेलं. रसायन वेगळं होतं, पण पहिली शंका ना डॉक्टरला आली, ना मॅनेजमेंटला. ती कामगारांना आली, आणि ते एकमेकांशी बोलले म्हणून आली.

धणेपुडीचा ट्विस्ट

आता तुमचा प्रश्न: करायचं काय? एक चांगली बातमी. थॅलेट्स शरीरात मुक्काम ठोकत नाहीत. बराचसा भाग दिवसाभरात लघवीवाटे निघून जातो. अडचण एवढीच की आपण रोज नवा डोस घेतो. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस ताजं, बिनपॅकिंगचं जेवण दिलं, तर डीईएचपीचे अंश निम्म्याहून खाली आले. कोरियात २५ जण पाच दिवस बौद्ध मठात राहून साधं शाकाहारी जेवले, त्यांचेही आकडे उतरले. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ नऊ हजार लोकांच्या माहितीतून दिसलं की आदल्या दिवशी फास्ट फूड जास्त हाणलेल्यांच्या शरीरात थॅलेट्स जास्त होती. झालं तर मग, घरचा डबा जिंदाबाद!

थांबा. २०१३ मध्ये सिअ‍ॅटलला हाच प्रयोग दहा कुटुंबांवर जास्त कडक शिस्तीत झाला. एका गटाला खास केटररकडून ताजं, प्लॅस्टिकचा स्पर्श न झालेलं जेवण. तर त्यांच्यात डीईएचपी उतरायच्या ऐवजी भसकन वर गेलं! शोधाशोध झाली. सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला धणेपूड. हो, आपली रोजच्या भाजीतली. दूधही संशयितांत होतं. वाटेत कुठल्या पाइपमधून, कुठल्या पिशवीतून ते आत शिरलं, ते शेवटपर्यंत नक्की झालं नाही. तेव्हा 'मी सगळं ऑरगॅनिक खाते' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं. माझी आजी धणे भाजून घरी कुटायची, ते निव्वळ चवीसाठी. पण आयडिया वाईट नव्हती.

या ट्विस्टमुळेच मला वाटतं की प्रश्न एकट्यादुकट्याने डबा बदलून सुटणारा नाही. नियम हवेत, आणि काही आहेतही. युरोपने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांतल्या मुख्य थॅलेट्सवर कायद्याने मर्यादा आणली. आपल्याकडे खेळण्यांना मानक सक्तीचं करणारा आदेश २०२१ च्या जानेवारीपासून लागू झाला आणि त्यात थॅलेट्सचाही भाग आहे. महाराष्ट्राची २०१८ ची प्लॅस्टिकबंदी मात्र कचरा आणि तुंबणारी गटारं डोळ्यांपुढे ठेवून आलेली. हार्मोन्सचा विचार तिच्या पोटात नव्हता. रक्ताच्या पिशव्या हा तर वेगळाच पेच, कारण त्यातलं डीईएचपी लाल पेशी टिकवायला मदतही करतं. तिथे आज कुणी घाईने बंदी मागू नये.

जपानचं उदाहरण मला सगळ्यात आवडलं. तिथे हॉस्पिटलचं जेवण आणि दुकानातले तयार डबे तपासताना त्यात डीईएचपी सापडलं. ते आलं कुठून, तर डबे भरणाऱ्यांच्या हातातल्या पीव्हीसीच्या ग्लोव्हजमधून. स्वच्छतेसाठी त्यांवर अल्कोहोल फवारायचे, त्याने थॅलेट आणखी सुटायचं. २००० मध्ये सरकारने सांगितलं, अन्नासाठी हे ग्लोव्हज वापरू नका. ग्राहकाने काहीही करायची गरज पडली नाही.

हे वाचून झाल्यावर मी एका मित्राबरोबर त्याच्या कॅन्टीनमध्ये गेले. काउंटरमागचे काका पारदर्शक ग्लोव्हज घालून गरम पराठ्यावर बटर फिरवत होते. "काका, हे ग्लोव्हज कसले आहेत हो?" म्हटलं. त्यांना वाटलं मी स्वच्छतेची तक्रार करतेय. "मॅडम, रोज नवीन काढतो," असं म्हणत त्यांनी खालून खोका काढून माझ्यासमोर ठेवला. खोक्यावर ठळक अक्षरात 'व्हिनाइल' लिहिलेलं होतं. म्हणजे पीव्हीसीच. पीव्हीसी नसलेले, नायट्राइलचे ग्लोव्हज मिळतात का, विचारलं. मिळतात, पण थोडे महाग पडतात, कॉन्ट्रॅक्टरला विचारावं लागेल म्हणाले. मित्राने तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि फॅसिलिटीवाल्यांना मेल टाकला. मेलचा विषय काय लिहायचा यावर मात्र तो दोन मिनिटं अडला. शेवटी त्याने लिहिलं, 'ग्लोव्हजबाबत'.